लस झाली होती, तरी पिल्लाला पार्वो कसा काय झाला?

आपल्याकडं लातूर, उदगीर, परभणी, नांदेड, कुठल्याबी जनावराच्या दवाखान्यात तासभर बसा, हे वाक्य कानावर पडणारच: "डॉक्टरसाहेब, दीड महिन्याचं होतं तेव्हाच सुई मारली होती की याला, मग हे कामून झालं?" पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा आतड्याचा विषाणूरोग. पिल्लू उलट्या करायलंय, रक्ताची हगवण लागलीय, डोळे आत गेलेत आणि घरच्यांना कळेना आपलं चुकलं काय. मग कुणी म्हणतं लस डुप्लिकेट होती, कुणी म्हणतं डॉक्टरला येत नाही, कुणी म्हणतं ही जातच नाजूक. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. सुई बरोबर दिलेली असते, लसही चांगली असते, फक्त ती अंगाला लागू व्हायच्या आधीच पिल्लाच्या शरीरात संपवली गेलेली असते, आणि संपवणारं दुसरं कुणी नाही, त्याच्या आईनंच दिलेलं संरक्षण असतं. हे जरा नीट समजून घेऊ, कारण कितीतरी पिल्लं निव्वळ हे माहीत नसल्यामुळं जातात आणि ती वाचू शकली असती.

चीक म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात सांगायची गरज नाही. वासरू जन्मलं की पहिल्या काही तासांत चीक पाजायचा, नाहीतर ते अशक्त राहतं, दगावतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. त्याचं कारण असं की गाईच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळतच नाहीत, सगळ्या चिकातून मिळतात. कुत्रीचं थोडं वेगळं आहे, पिल्लांना पोटात असताना थोड्या मिळतात, साधारण ५ ते १० टक्के, बाकीच्या चिकातूनच. आणि याला वेळेचं बंधन लई कडक आहे, पिल्लाच्या आतड्यातून या अँटीबॉडी जशाच्या तशा रक्तात जायची वाट पहिल्या २४ तासांतच बंद होते, त्यानंतर दूध पोटभर पाजलं तरी वाढीसाठी उपयोग होतो पण हे संरक्षण रक्तात जात नाही. म्हणून कुत्री व्याली की जे पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं, ज्याला दुसरी पिल्लं ढकलून देतात, त्याला उचलून आईच्या सडाला लावणं हे पहिल्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम.

आता अँटीबॉडी म्हणजे काय. अंगात एखादा विषाणू शिरला की शरीर पहिल्यांदा सरसकट प्रतिकार करतं, ताप येतो, पांढऱ्या पेशी धावून जातात, हे सगळ्या रोगांना सारखंच असतं. त्याच्या जोडीनं काही पेशी त्या एकाच विषाणूचा नेमका आकार ओळखायला शिकतात आणि त्याला चिकटून निकामी करणारी प्रथिनं तयार करतात, त्या अँटीबॉडी. पार्वोसाठीची अँटीबॉडी डिस्टेंपरला, म्हणजे कुत्र्यांच्या दुसऱ्या एका विषाणूरोगाला, चालत नाही, ज्याची त्याला. पहिल्यांदा त्या तयार व्हायला दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत रोग जिंकला तर जनावर जातं. पण जनावर जगलं तर त्या पेशींतल्या काही वर्षानुवर्षं आठवण ठेवून राहतात आणि तोच विषाणू परत आला की या वेळी काम झटक्यात होतं. लस देऊन आपण हीच आठवण रोगाशिवाय तयार करून देतो. पार्वो, डिस्टेंपरच्या लसीत जिवंतच पण दुबळा केलेला विषाणू असतो, तो अंगात थोडा वाढतो आणि शरीर त्याच्यावर शिकतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो वाढला पाहिजे. वाढलाच नाही तर शिकवणी झालीच नाही.

आणि अडचण इथंच आहे. आईकडून आलेल्या अँटीबॉडी म्हणजे उसनी ज्वारी, कणगीत आहे तोवर घर चालतं पण घरानं स्वतः काही पिकवलेलं नसतं आणि कणगी रोज खाली जात असते. कुत्र्यात हा साठा साधारण दर ९-१० दिवसांनी निम्मा होतो. साठा भरपूर आहे तोवर बाहेरचा पार्वो आला तरी मारला जातो, पण लसीतला दुबळा विषाणू गेला तरी तोही मारला जातो! अँटीबॉडीला काय कळणार हा लसीतला आणि हा गल्लीतला. म्हणून सहा आठवड्यांच्या पिल्लाला दिलेली लस बऱ्याचदा काहीच शिकवून जात नाही.

त्याच्यापुढं आणखी वाईट गोष्ट अशी की मधे एक काळ असा येतो जेव्हा आईच्या अँटीबॉडी इतक्या कमी झालेल्या असतात की गल्लीतला ताकदवान विषाणू त्यांना पुरून उरतो, पण लसीतल्या दुबळ्या विषाणूला मारायला तेवढ्याही पुरेशा असतात. म्हणजे रोग होऊ शकतो आणि लस लागू होऊ शकत नाही. हा काळ काही दिवसांचा असतो, कधी दोन-तीन आठवड्यांचा, आणि प्रत्येक पिल्लाचा वेगळा. ज्या आईच्या अंगात अँटीबॉडी जास्त तिच्या पिल्लांचा उशिरा येतो, एकाच वेतातल्या ज्या पिल्लानं चीक कमी प्यालाय त्याचा लवकर येतो. कुणाचा आठव्या आठवड्यात, कुणाचा चौदाव्या. वरून बघून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही.

म्हणून तर इतके डोस असतात. बरेच लोक समजतात की पहिल्या डोसानं थोडी ताकद येते, दुसऱ्यानं अजून थोडी, तिसऱ्यानं पक्की. पार्वो-डिस्टेंपरच्या लसीचं तसं नाहीये. आपल्याला माहीत नसतं की आईचा साठा कोणत्या दिवशी संपणार, म्हणून आपण ६ ते ८ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत राहतो, की ज्या दिवशी वाट मोकळी होईल त्याच्या जवळपास कुठला तरी एक डोस लागू होईल. जगभरच्या पशुवैद्यकांची जी संघटना लसीकरणाचे नियम ठरवते ती सांगते की या मालिकेतला शेवटचा डोस १६ आठवड्यांचं वय झाल्यावर, म्हणजे पावणेचार महिन्यांच्या आसपास किंवा त्यानंतरच पडला पाहिजे, कारण तोवर बहुतेक सगळ्या पिल्लांचा साठा संपलेला असतो. त्यानंतर सहा महिन्यांच्या वयाला किंवा वर्षाला अजून एक, तो ताकद वाढवायला कमी आणि आधीचे डोस लागू न होता चुकून राहिलेल्यांसाठी जास्त.

आता आपल्याकडं होतं काय, पिल्लू दीड महिन्याचं असताना एक सुई, लई झालं तर तीन आठवड्यांनी दुसरी, म्हणजे सव्वादोन महिन्याला विषय बंद. "दोन्ही डोस कंप्लिट" म्हणून फोटो पण टाकतात. आणि पिल्लू तीन महिन्यांचं असताना पार्वो. जो डोस सगळ्यात जास्त कामाचा तोच राहून गेलेला असतो. तुमच्याकडं पैसे कमी असतील, दवाखाना लांब असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की सोळा आठवड्यांचा डोस कुठल्याही परिस्थितीत सोडू नका, पण तोवर पिल्लाला बाहेर नेऊ नका हेही तितकंच खरं, कारण मधला काळ पूर्ण उघडा असतो.

लातूर भागात कारवान आणि पश्मी कुत्री पाळायची जुनी परंपरा आहे, लोक लांबलांबून पिल्लं न्यायला येतात. पिल्लू महिन्याचं, सव्वा महिन्याचं असतं, आईपासून तोडलं, गाडीत घालून संभाजीनगर नाहीतर पुण्याला नेलं, पोटात जंत, नवी जागा, खाणं बदललं, आणि विकणारा म्हणतो "व्हॅक्सिन झालंय साहेब". झालं असेल, पण वर सांगितलं तसं त्या वयाच्या लसीवर भरवसा ठेवता येत नाही. घेताना कार्ड मागा, त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि तारीख आहे का बघा, आणि पुढचे डोस आपण स्वतः मोजून द्या. जंताचं औषध पण लवकर सुरू करावं लागतं, दोन आठवड्यांच्या वयापासून, कारण गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात.

पार्वोबद्दल अजून थोडं सांगतो कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त पिल्लं यानंच जातात. हा रोग जुना नाही. १९७८ च्या आधी कुत्र्यांमधे तो नव्हताच असं म्हटलं तरी चालेल, मांजरांत आधीपासून असलेल्या अशाच एका विषाणूच्या जवळच्या नात्यातला विषाणू कुत्र्याला लागू व्हायला लागला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तेव्हा कुत्र्यांसाठी लसच नव्हती म्हणून सुरुवातीला मांजराची लस कुत्र्यांना देऊन वेळ मारून नेली, इतकं ते नातं जवळचं. हा विषाणू जिथं पेशी भराभर वाढतात तिथं घाव घालतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. अस्तर सोलून निघतं म्हणून रक्ताची हगवण, आणि मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात म्हणून नेमकी गरज असताना प्रतिकारशक्तीच बसते. फाटक्या आतड्यातून जंतू रक्तात जातात. अँटिबायोटिक त्या जंतूंसाठी असतं, विषाणू त्यानं मरत नाही. खरा उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवणं आणि शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी तयार करायला वेळ मिळवून देणं. वेळेत दवाखान्यात नेलेली बरीच पिल्लं वाचतात, घरी दही-भात आणि झाडपाला करत दोन दिवस काढले तर फार थोडी. उलट्या चालू असताना तोंडात जबरदस्तीनं काही ओतू नका.

आणि हा विषाणू चिवट आहे. बुटाच्या तळव्याला, हाताला, भांड्याला लागून घरात येतो, त्यासाठी दुसरं कुत्रं यायची गरजच नाही. "आमचं तर बाहेर जातच नाही" याला अर्थ नाही. आपल्या चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या उन्हात मरत असेल असं वाटतं, थेट उन्हात त्याचं आयुष्य कमी होतं हे खरं, पण सावलीतल्या मातीत, गोठ्याच्या कोपऱ्यात महिनोन्महिने राहतो, वर्षभरसुद्धा. फिनाईलनं मरत नाही! लोक बाटल्याच्या बाटल्या फिनाईल ओततात, वास जातो, विषाणू तिथंच. आधी घाण साबणानं धुऊन काढायची, मग घरगुती ब्लीचिंगचं पाणी, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. ज्या घरात पिल्लू पार्वोनं गेलं तिथं वर्षभर तरी लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका, दुःख असतं, लेकरं रडतात, लगेच दुसरं आणून द्यावं वाटतं, पण तेही जातं.

यावर हमखास येणारा प्रश्न, "गावातल्या कुत्र्याला कोण लस देतंय, ती जगतातच की". जगलेली दिसतात म्हणून तसं वाटतं. उकिरड्याकडेला व्यालेल्या कुत्रीची सहा-सात पिल्लं असतात, दोन महिन्यांनी एखाद-दुसरं उरतं, बाकीची कुठं गेली कुणी विचारत नाही. जे उरलं त्याला रोग होऊन गेलेला असतो आणि त्याची प्रतिकारशक्ती खरंच पक्की असते, पण तिची किंमत बाकीच्या पिल्लांनी दिलेली असते.

डिस्टेंपर समजायला आपल्याकडं सोपा, कारण त्याचे भाऊबंद आपल्या ओळखीचे. लेकरांचा गोवर, शेळ्यांचा पीपीआर, आणि म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल ती बैलांची बुळकांडी, हे सगळे एकाच घराण्यातले विषाणू. बुळकांडी लसीच्या जोरावर २०११ साली जगातूनच संपली. डिस्टेंपर मात्र आहे, डोळ्यानाकातून चिकट पाणी, खोकला, ताप, आणि मग काही आठवड्यांनी झटके, पाय किंवा जबडा सारखा उडणं. मेंदूपर्यंत गेला की हातात फार काही राहत नाही. या नात्याचा एक उपयोग माणसानं केलेला आहे, आईच्या डिस्टेंपरच्या अँटीबॉडी लस मारतात म्हणून एकेकाळी पिल्लांना चक्क माणसाच्या गोवराची लस देत होते, कारण गोवराचा विषाणू त्या अँटीबॉडीला तितका सापडत नाही पण शिकवण मात्र डिस्टेंपरला चालते. २०२२ ला लम्पीची मोठी साथ आली तेव्हा आपल्या बैलांना शेळीच्या देवीची लस टोचली होती, तत्त्व तेच.

रेबीजचं गणित सगळ्यात वेगळं. हा विषाणू रक्तातून फिरत नाही, चावलेल्या जागेतून नसेत शिरतो आणि नसेनसेनं मेंदूकडं सरकतो, म्हणून प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ताच उशिरा लागतो आणि लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. लक्षणं दिसली की जनावर असो की माणूस, वाचणं जवळजवळ अशक्य. पण सरकायला त्याला वेळ लागतो, तोच आपल्याला मिळालेला वेळ. १८८५ साली लुई पाश्चरनं चावलेल्या पोराला नंतर लस देऊन वाचवलं ते यामुळंच, आणि तोंडावर, मानेवर चावा असेल तर जास्त घाई असते तीही यामुळंच, मेंदू जवळ. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, पूर्ण पंधरा, आणि सरळ सरकारी दवाखाना. चुना, मिरची, हळद, तेल काही भरायचं नाही, मंत्राला जायचं नाही. डोसच्या तारखा चुकवायच्या नाहीत, आणि रक्त आलेला चावा असेल तर जखमेत सोडायचं वेगळं इंजेक्शन लागतं का तेही विचारायचं, ते तयार अँटीबॉडीचं असतं, म्हणजे परत उसनंच, पण स्वतःचं तयार होईपर्यंत तेच वाचवतं. चावलेलं कुत्रं किंवा मांजर पाळीव असेल तर मारू नका, दहा दिवस बांधून लक्ष ठेवा, पण ते दहा दिवस बघत आपली लस लांबवू नका.

कुत्र्या-मांजराची रेबीजची लस मेलेल्या विषाणूची असते, ती तीन महिन्यांच्या वयाला देतात, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि आपल्याकडं दरवर्षी. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना ही लस दिलेली असेल तर रोगाची साखळी तुटते, त्यामुळं गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांना लस टोचायचा कॅम्प आला की त्यांना पकडायला मदत करणं हे आपल्याच लेकरांसाठी आहे. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो पण मेलेल्या जंतूंच्या लसीतला, त्याला मात्र दोन डोस लागतातच आणि दरवर्षी परत, तिचं संरक्षण कमी टिकतं. पावसाळ्यात साचलेलं पाणी पिणाऱ्या शेतातल्या कुत्र्याला ती नक्की द्या, हा रोग माणसालाही होतो.

सगळ्याच रोगांना लस नसते. गोचिडीचा ताप हे आपल्याकडचं मोठं दुखणं आणि त्याला आपल्याकडं लस नाही. तपकिरी गोचीड रक्त पिताना एक जंतू सोडते, तो पांढऱ्या पेशीतच घर करतो. शरीर अँटीबॉडी भरपूर तयार करतं पण त्या कामाच्या ठरत नाहीत, उलट शरीराचाच प्रतिकार स्वतःच्या प्लेटलेटवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) उठतो, म्हणून नाकातून रक्त, अंगावर लाल-निळे डाग. एकदा होऊन गेला म्हणून परत होणार नाही असं अजिबात नाही. औषध साधारण २८ दिवसांचं, कुत्रं चार दिवसांत खायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, तिथंच रोग दबून बसतो. गोचीड मारायची तर भिंतीच्या भेगा पण बघा, मादी कुत्र्यावरून उतरून तिथं अंडी घालते. आणि हात जोडून सांगतो, कापसा-सोयाबीनवरचं फवारणीचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका.

मांजराचं थोडक्यात पण महत्त्वाचं. वर सांगितलेला पार्वोचा भाऊ मांजरांत असतो, पॅनल्यूकोपेनिया, पिल्लाला वाचायला वेळच देत नाही. आईच्या अँटीबॉडीचं सगळं गणित इथं जसंच्या तसं, सोळा आठवड्यांचा डोस इथंही. याच लसीत मांजराच्या सर्दीचे दोन विषाणू असतात, तिथं मात्र अपेक्षा वेगळी ठेवा, लस घेतलेल्या मांजरालाही शिंका येतात, डोळे चिकटतात, फक्त जीवावर बेतत नाही, आणि त्यातला एक विषाणू मांजराच्या नसांत जन्मभर झोपून राहतो, घर बदललं, दुसरा बोका आला, ताण पडला की उठतो. गाभण मांजरीला आणि कुत्रीला जिवंत लस देत नाहीत. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एक गोळी जीव घेते, त्याच्या यकृताला ते पचवताच येत नाही. फिनाईलचा पण मांजराला त्रास होतो, पाय चाटतं ना ते. कुत्र्याचं गोचिडीचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय मांजराला लावायचं नाही, त्यातलं काही मांजराला विष आहे.

राहिली लस जपायची गोष्ट. लस २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे. एप्रिल-मे मधे मेडिकलमधून घेऊन खिशात टाकून, नाहीतर गाडीच्या डिकीत ठेवून तालुक्याहून गावाकडं आणली तर जिवंत लसीतला दुबळा विषाणू मरून जातो, आणि मग डोस पडला तरी शिकवणी होत नाही. बर्फाच्या थर्मासातच आणायची, पण बर्फाला चिकटवून गोठवायची पण नाही, मेलेल्या विषाणूची लस गोठली की बाद. पावडरमधे पाणी मिसळलं की लगेच टोचायची, अर्धी आज अर्धी उद्या चालत नाही. लोडशेडिंगमधे फ्रिजला बॅकअप आहे का हे मेडिकलवाल्याला विचारायला लाजू नका. शक्य असेल तर लस दवाखान्यातच जाऊन घ्या, आपल्या भागात परभणी आणि उदगीरला तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ज्या दिवशी जनावराला ताप आहे, हगवण आहे, त्या दिवशी लस नको. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, तोंड सुजणं, उलटी, धाप असं काही झालं तर ते बहुतेकदा पहिल्या तासाभरात होतं आणि डॉक्टर समोर असला की सावरता येतं. दिवसभर सुस्त राहणं, टोचल्या जागी छोटी गाठ, एवढं चालतं, शरीर शिकायलंय त्याचं ते लक्षण.